ओरडून शिकवलेले किती टिकते?

पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या वॉर्डांमध्ये दरवर्षी नवे निवासी डॉक्टर रुजू होतात. पुस्तकातले त्यांना बरेच येत असते. चाळणीवर चाळणी लावून निवडलेली ही मुले असतात. येत नसते ते हाताचे काम आणि रात्री दोन वाजता दम लागलेला रुग्ण समोर आला की आधी काय करायचे हा निर्णय. हे त्यांना कसे शिकवायचे, याचे उत्तर अनेक युनिटांत पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले आहे: वरच्याने खालच्याला झापायचे. सकाळच्या राउंडला सोडियमचा रिपोर्ट आठवला नाही तर सगळ्यांसमोर, रुग्ण आणि नातेवाइकांच्या देखत, केसपेपर भिरकावला जातो. भिरकावणाराही कधीकाळी असाच ओरडा खाऊन तयार झालेला असतो. ‘आम्हाला असेच शिकवले म्हणून आम्ही घडलो’ असे तो सांगतो, आणि त्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो.

हा विश्वास तपासून पाहायला हवा. सभ्यतेचा मुद्दा आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी उरणारा मुद्दा रुग्णाच्या जिवाचा आहे.

झापणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. भावनेचा आणि स्मरणाचा संबंध पक्का आहे. 1994 साली अमेरिकेत लॅरी केहिल, जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांना चित्रे दाखवून एक गोष्ट सांगितली. त्याच चित्रांवर एका गटाला सांगितलेली गोष्ट सपक होती, दुसऱ्या गटाच्या गोष्टीत मध्येच एका मुलाचा भीषण अपघात होत होता. आठवड्याने विचारले तेव्हा अपघाताचा भाग लोकांना अधिक तपशिलाने आठवत होता. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे रक्तदाब आणि धडधडीसाठी वापरले जाणारे नेहमीचे औषध दिले होते, त्यांच्यात हा फरक जवळपास नाहीसा झाला. अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जातीची रसायने मेंदूतल्या अमिग्डलाला जागे करतात आणि अमिग्डला ‘हे नीट नोंदवून ठेव’ असा निरोप पुढे देतो. प्रोप्रॅनोलॉल तो निरोप अडवते. म्हणूनच पहिला मृत्यू पाहिलेला वॉर्ड आणि त्या खाटेचा क्रमांक डॉक्टरला तीस वर्षांनीही आठवतो.

मग घाबरवून शिकवण्यात चूक काय? चूक अशी की नोंद कशाची होते, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. भीतीच्या क्षणी लक्ष आकसते आणि भीतीच्या कारणावर जाऊन चिकटते. राउंडला अपमान झालेल्या मुलीला सरांचा चेहरा, त्यांचा शब्द, शेजारी हसलेला सहकारी हे सगळे लख्ख आठवते. सोडियम वेगाने वाढवले तर मेंदूला इजा का होते, हे त्या गर्दीत निसटते.

शिक्षा आणि शिकणे यांचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. 1908 साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना दोन खोक्यांमधला काळे-पांढरे हा फरक शिकवला. चुकीच्या खोक्यात गेल्यास विजेचा झटका. फरक ढळढळीत होता तेव्हा झटका जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले. दोन्ही खोक्यांतला फरक पुसट करत नेला, काम अवघड झाले, तेव्हा मात्र जोरदार झटक्याने शिकणे मंदावले. उंदरावरून माणसाची गणिते थेट मांडू नयेत हे खरे. पण पुढे माणसांतही याच्याशी जुळणारे आढळले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांनी आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवायच्या तासभर आधी त्यांना कॉर्टिसोनची, म्हणजे शरीरात ताणाच्या वेळी वाढणाऱ्या संप्रेरकाची गोळी दिली. त्यांना शब्द कमी आठवले. शब्द मेंदूत होते, हवे तेव्हा बाहेर येत नव्हते. तोंडी परीक्षेत ‘सगळे येत होते, पण सर बोलले आणि पाटी कोरी झाली’ असे मुले सांगतात ते बहाणा म्हणून सोडून देता येत नाही.

वैद्यकशास्त्रातले बरेच काम त्या पुसट खोक्यांसारखे असते. सलाईन लावणे एकवेळ झटक्याच्या धाकाने जमेल. ताप आणि पोटदुखी घेऊन आलेल्या शंभर जणांतून आतडे फुटलेला एक ओळखणे धाकाने जमत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा इस्रायलमधून आला. 2015 साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात अतिदक्षता विभागांतल्या 24 चमू घेतल्या. प्रत्येक चमूत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. त्यांच्यासमोर अपुऱ्या दिवसांच्या, आतड्याला गंभीर आजार होऊन अचानक ढासळणाऱ्या बाळाचा सराव-प्रसंग ठेवला. बाळ म्हणजे अर्थातच बाहुला. निम्म्या चमूंना एका परदेशी ‘तज्ज्ञा’ने जाता जाता टोमणा मारला की, इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा पाहून आपण काही प्रभावित झालो नाही. आरडाओरड नाही, शिवी नाही. तरीही टोमणा ऐकलेल्या चमूंचे निदान कमी अचूक ठरले आणि हातचे कामही कच्चे झाले. कारण शोधले तेव्हा दिसले की त्यांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली आणि मदत कमी मागितली. आपल्याकडच्या राउंडला जे बोलले जाते त्या मानाने हा टोमणा म्हणजे कौतुकच म्हणावे लागेल.

मदत न मागणे हीच खरी मेख आहे. झापले गेलेला निवासी पुढच्या वेळी अभ्यास करून येईल, अशी वरिष्ठांची अपेक्षा असते. काही जण करतातही. पण त्याहून सोपी वाट असते ती गप्प राहण्याची, अंदाजे आकडा ठोकून देण्याची, रात्रीचा कॉल सरांना न करण्याची. एका रुग्णाचे पोटॅशियम सकाळी तपासायचे राहून गेले, तर ‘पाठवले आहे, रिपोर्ट यायचाय’ असे सांगितले जाते. खोटे बोलण्याची ही तालीम कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. ती वॉर्डात मिळते.

एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची अपेक्षा सरळ होती: चांगल्या चमूंच्या हातून चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले. ज्या युनिटांत प्रमुख परिचारिकेवर सगळ्यांचा विश्वास होता, तिथे चुकांच्या नोंदी जास्त होत्या. उलगडा झाला तो असा की त्या युनिटांत चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या आणि इतरत्र त्या लपवल्या जात होत्या. कागदावर निष्कलंक दिसणारे युनिट मुके असू शकते. पुढे एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रियेची नवी, छोट्या छेदाची पद्धत शिकणारी 16 रुग्णालये अभ्यासली. कोण लवकर शिकले, याचा शल्यविशारदाच्या ज्येष्ठतेशी किंवा रुग्णालयाच्या नावाशी फारसा संबंध नव्हता. जिथे प्रमुखाने ‘हे आपल्या सगळ्यांनाच नवे आहे, काही चुकतेय असे वाटले तर बोला’ अशी सुरुवात केली, तिथे चमू लवकर तयार झाली.

विमानचालनाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. 583 माणसे गेली. त्यातल्या एका विमानाचे कॅप्टन त्या कंपनीतल्या वैमानिकांना शिकवणारे, सर्वांत मानाचे प्रशिक्षक होते. उड्डाणासाठी धाव घेताना मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरला शंका आली की पुढचे विमान अजून धावपट्टीवरच असावे. त्याने विचारले. कॅप्टनने ठामपणे झटकून टाकले. तो पुन्हा बोलला नाही. यानंतरच्या काही वर्षांत कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचे रीतसर प्रशिक्षण वैमानिकांसाठी सुरू झाले. शस्त्रक्रियागृहात ते पोहोचायला आणखी बराच काळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत तपासली गेली, त्याचे निष्कर्ष 2009 साली आले: मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर, गुंतागुंतीचे 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर उतरले. छेद घेण्याआधी चमूतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्या यादीतला एक भाग आहे. अनेकांना तो पोरकट वाटतो. पण ज्याने एकदा तोंड उघडले आहे, त्याला दुसऱ्यांदा उघडणे सोपे जाते, एवढाच त्यामागचा विचार आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि महाराष्ट्रात तो बहुधा शिवाजी पार्कवरून येतो. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला थप्पड मारलीच होती की! शाळेच्या दुसऱ्या संघाची अंतिम लढत पाहायला स्वतःचा सराव सामना बुडवला म्हणून बसलेली ही थप्पड तेंडुलकर यांनी स्वतः अनेकदा कृतज्ञतेने सांगितली आहे. पण त्याच सांगण्यात बाकीचेही बरेच आहे. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात खेळायला घेऊन जात. दिवसअखेरीस दमलेल्या मुलासमोर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. बाद न होता टिकला तर नाणे त्याचे. एका मुलाच्या खेळाकडे इतकी वर्षे, इतके बारीक लक्ष देणारा माणूस होता तो. थप्पड उचलणे सोपे, स्कूटर चालवणे कठीण. शिवाय थप्पड खाऊन जे मैदान सोडून गेले, त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. यशस्वी माणसाच्या आठवणीवरून शिक्षणपद्धती ठरवण्यात हा धोका कायमच असतो.

कडकपणा नको, असा याचा अर्थ मुळीच नाही. जखमेला हात लावण्याआधी हात धुतले नाहीत तर तिथल्या तिथे थांबवायलाच हवे, आवाज चढवून थांबवले तरी हरकत नाही. ‘हात धुतले नाहीस, मागे हो’ हे वाक्य कडक आहे. ‘तुला डॉक्टर कोणी केले?’ हे वाक्य कडक नाही, निरुपयोगी आहे. कारण त्यातून पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही.

चांगला मार्गदर्शक नेमके काय करतो, याचे एक उदाहरण डॉ. अतुल गावंडे यांनी लिहून ठेवले आहे. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या कुटुंबातले गावंडे बोस्टनमध्ये शल्यविशारद आहेत. आठ वर्षे शस्त्रक्रिया केल्यावर आपली प्रगती थांबल्याचे त्यांना जाणवले. तेव्हा त्यांनी निवृत्त झालेल्या आपल्या शिक्षकांना शस्त्रक्रियागृहात येऊन नुसते पाहत उभे राहायला सांगितले. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे गावंडे यांना वाटत होते. वहीत मात्र बारीकसारीक नोंदींची रांग होती. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ त्यांच्या ते ध्यानातही आले नव्हते. उजवे कोपर मधूनच खांद्याच्या उंचीला जात होते, म्हणजे हाताची स्थिरता जात होती. रुग्णावरचे कापड असे पसरले होते की समोरच्या सहायकाला नीट उभे राहता येत नव्हते. सल्ला मागणारा नामवंत सर्जन, आणि सल्ला कोपराचा! खेळाडूला आणि गायकाला हे नवे नाही. मोठा झाला तरी त्याच्या मागे प्रशिक्षक किंवा गुरू असतोच. डॉक्टर, शिक्षक, न्यायाधीश, अधिकारी यांना मात्र पदवी मिळाली की शिकणे संपले असे समाज समजतो, आणि तेही समजू लागतात.

शिकण्याची आणखी एक वाट आहे. ती जवळजवळ फुकट आहे आणि तरी फार कमी वापरली जाते: दुसऱ्याला शिकवणे. 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींना सांगितले की यावर परीक्षा आहे, काहींना सांगितले की तुम्हाला हे दुसऱ्याला शिकवायचे आहे. शेवटी कोणीच शिकवले नाही, सगळ्यांची परीक्षाच घेतली. शिकवायच्या तयारीने वाचलेल्यांना जास्त आठवले, मुख्य मुद्दे तर विशेषच. शिकवायचे म्हटले की मेंदू वाचतानाच प्रश्न विचारू लागतो: याचे कारण काय, आधी काय सांगू, हे कोणाला कळणार नाही? 2018 साली सिंगापूरमधल्या संशोधकांनी यात एक महत्त्वाची भर घातली. टिपणे न पाहता शिकवणाऱ्यांना आठवड्याने विषय चांगला आठवत होता. लिहून दिलेले वाचून दाखवणाऱ्यांना तो फायदा मिळाला नाही. फायदा आठवून आठवून सांगण्यात आहे. स्लाइड वाचून दाखवणाऱ्या वक्त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. अशा तासाला श्रोते शिकत नाहीत हे ठाऊकच होते, वक्ताही शिकत नाही.

जामखेडला हे कोणत्याही प्रयोगाच्या आधी घडत होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केले आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या, काहींना घरातही कोणी विचारत नव्हते. त्या केंद्रावर यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन सांगायच्या, आणि अडलेले प्रश्न घेऊन पुन्हा यायच्या. वही नसल्याने सगळे आठवूनच सांगावे लागे. आपण शिकू शकतो हा भरवसा त्यांना आधी दिला गेला, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी त्यानंतर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. 39 गावांतल्या या कामामुळे नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला, हे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, अशी कामे या बायका करत होत्या. एमबीबीएस झालेल्यांचेही हात जिथे कापतात ती कामे. आज त्याच परंपरेतून आलेल्या आशा कार्यकर्तीला मासिक बैठकीत रजिस्टरमधल्या रिकाम्या रकान्यांवरून सगळ्यांसमोर बोल लावले जातात तेव्हा रकाने भरले जातात, एवढेच होते. त्या रकान्यांत खरे काय असते, हे पुढे कोणी पाहायचे?

वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत काही चांगले बदल झाले आहेत. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला, संवाद आणि नीती हे विषय त्यात रीतसर आले, कौशल्य प्रयोगशाळा आल्या, शिक्षकांनाही अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पण कार्यशाळेत प्रमाणपत्र घेतलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी राउंडला जुन्याच आवाजात बोलत असेल, तर विद्यार्थी कशावरून शिकणार हे उघड आहे. त्यात एकेका निवासीवर छत्तीस-छत्तीस तासांची सलग ड्यूटी आणि खाटांपेक्षा जास्त रुग्ण. दमलेला माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस शिकवत नाही. पदे भरणे हा शिक्षणाच्या दर्जाचाच प्रश्न आहे, हे सरकारने वेगळे सांगायची वाट पाहू नये.

राउंड मात्र कोणत्याही शासन निर्णयाविना बदलता येतो. रुग्णाबद्दल सर्वांत कनिष्ठाने आधी बोलायचे, प्रमुखाने शेवटी. कारण प्रमुख आधी बोलले की बाकीच्यांची मते विरघळतात. रिपोर्ट आठवत नसेल तर ‘माहीत नाही, पाहून सांगते’ हे मान्य उत्तर धरायचे. इंटर्नने परिचारिकांना आणि वरिष्ठ परिचारिकेने इंटर्नला आठवड्यातून दहा मिनिटे काही शिकवायचे. शिरेत सुई घालण्याचे निम्मे शिक्षण आजही सिस्टरच देतात, फक्त त्याला शिक्षण म्हटले जात नाही. वॉर्डात मृत्यू झाला की कागदपत्रे पुरी व्हायच्या आत पुढचा रुग्ण घ्यायला पाठवण्याऐवजी त्या चमूने पाच मिनिटे एकत्र बसायचे. चूक घडली तर रुग्णापाठोपाठ चूक करणारा डॉक्टरही मोडतो, याला डॉ. आल्बर्ट वू यांनी 2000 साली ‘दुसरा बळी’ असे नाव दिले. अशा वेळी कोणी शेजारी बसले तर तो अनुभव त्या डॉक्टरला आयुष्यभर सावध ठेवतो. कोणी बसले नाही तर तोच अनुभव त्याला एक तर निर्ढावतो, नाही तर नोकरी सोडायला लावतो.

शिकणारा दरवेळी डॉक्टरच असतो असे नाही. ओपीडीत इन्सुलिन सुरू झालेल्या माणसाला सगळे भराभर सांगून शेवटी ‘कळले ना?’ असे विचारले की उत्तर एकच येते: ‘हो साहेब.’ डॉक्टरसमोर ‘नाही’ म्हणण्याची हिंमत निवासी डॉक्टरला होत नाही, तिथे शेतमजुराला कुठून होणार? त्याऐवजी ‘घरी वहिनी विचारतील तेव्हा त्यांना कसे सांगाल, जरा मला सांगून दाखवा’ असे म्हटले की अर्ध्या मिनिटात कळते, काय पोहोचले आणि काय नाही. सुई तीच किती दिवस वापरायची, जेवण हुकले तर इंजेक्शन घ्यायचे का, फ्रिज नसेल तर बाटली मडक्यात कशी ठेवायची, हे प्रश्न तेव्हाच बाहेर येतात. दम्याच्या रुग्णाचेही तसेच. पंप दिला आणि चिठ्ठी लिहिली की काम झाले असे समजले जाते. करून दाखवायला सांगितले तर अनेक जण औषध जिभेवर मारून घेताना दिसतात. मग आजीला पंप हातात देऊन सांगायचे की, आता नातवाला शिकवा बरे. आजी आधी लाजते, मग पदर खोचून नातवाला दरडावते, ‘आधी श्वास सोड सगळा, मग दाब!’